फेसाचं औषध

सरावाच्या रबरी पायावरची पट्टी तिसऱ्यांदा सुटली तेव्हा चिन्मयी मॅडमनी तो पाय उचलून कोपऱ्यात ठेवला.

"खऱ्या पेशंटवरच बघूया का? आहे का कुणी?"

निपाणीजवळच्या त्या सरकारी दवाखान्यात नऊ नर्स सकाळपासून जखमेची काळजी घ्यायला शिकत होत्या. दोघी तर रात्रपाळी करून तशाच आल्या होत्या, आणि डोळे उघडे ठेवून झोपायची कला दोघींनाही येत होती. मॅडम बेळगावच्या. वयानं यातल्या बऱ्याचजणींच्या लेकीएवढ्या, पण एक वाक्य कन्नडमध्ये, एक मराठीत, असं मनापासून शिकवत होत्या.

"आहे की," जयाबाई उठल्या. ड्रेसिंगचं टेबल बावीस वर्षं त्यांच्याकडं होतं. "आमचे मारुतीराव. बाहेरच बसलेत."

त्यांनी स्वतःच मारुतीरावांना धरून आत आणलं. सत्तरीचा माणूस, उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला, त्यात शुगर. उजव्या घोट्याच्या वरची जखम सात महिने झाले तरी भरत नव्हती. मागच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी पाय काढायची भाषा केली होती. बेळगावच्या मॅडमना काहीतरी ठाऊक असेल, एवढीच जयाबाईंना आशा होती.

मॅडमनी पट्टी सलाइननं भिजवली, थोडं थांबल्या, मग हळूच सोडवली. मारुतीरावांनी सवयीनं दात आवळून ठेवले होते. दुखलंच नाही, तसे ते जरा गोंधळले.

"आजोबा, रोज कशानं धुतात जखम?"

"फेसाचं औषध, मॅडम." मारुतीरावांनी खुललेल्या चेहऱ्यानं जयाबाईंकडं बघितलं. "लई फेस येतोय. दुधागत उतू जातोय. आमच्या आक्का एक दिस चुकल्या न्हाईत. त्यांच्या घरात गणपती बसलेला, तरी आलत्या."

सकाळीच, चहाच्या आधी, मॅडमनी पडद्यावर दाखवलं होतं. ते फेस येणारं औषध रोज ओतलं की घाणीबरोबर नवं कोवळं मांसही मरतं. जखम भरायला निघते आणि आपणच तिला मागं ढकलतो. सगळ्यांनी वहीत लिहूनही घेतलं होतं. आता सगळ्याजणी आपापल्या चपला बघत होत्या. त्या औषधाची तपकिरी बाटली एकट्या जयाबाईंच्याच ट्रेमध्ये होती असं नाही.

रूपालीनं आधी तोंड उघडलं. ती जयाबाईंच्या हाताखाली तयार झालेली.

"मॅडम, हे लोक घरी काय काय लावत असतात. जखम झाली की तंबाखूची भुकटी दाबायची, ह्या भागात सगळे तेच करतात. काय हो आप्पा, लावलीवती का न्हाई?"

"लावलती." मारुतीराव वरमले. "अगदी सुरवातीला. दोन दिस."

"बघा!"

"मग कशी भरणार जखम," पलीकडची एक म्हणाली. खोलीतला ताण जरा सैल झाला.

"त्यात शुगर," मॅडमही हळूच म्हणाल्या. त्यांना कळायचं ते कळलं होतं, पण आईच्या वयाच्या बाईला चारचौघींत काय बोलायचं. "शुगर असली की वेळ लागतोच."

मारुतीरावांनी हात जोडले. "चुकलं माझं. आक्का एवढं करत्यात, आन मी तंबाखू लावून बसलो. च्या बी गोडच पितो, सुनंच्या चोरून."

जयाबाई त्या जोडलेल्या हातांकडं बघत राहिल्या. गप्प बसलं असतं तर चाललं असतं. पाच वाजता प्रमाणपत्र मिळालं असतं, उद्यापासून बाटली बदलली असती, कुणी विचारलंही नसतं.

"हात खाली घ्या, आप्पा," त्या म्हणाल्या. "तंबाखू दोन दिवस. सात महिने मी."

"म्हंजे?"

"ते फेसाचं औषध रोज घालायचं नसतंय. नवं मांस मरतंय त्यानं. जुन्या सिस्टरनी शिकवलं तसं मी करत आले. आन फेस आल्याबिगार तुमाला तरी कुठं बरं वाटायचं." हे शेवटचं बोलायला नको होतं, असं त्यांना लगेच वाटलं. "पण ओतत मीच होते."

"आक्का, कशाला उगंच…" रूपाली कुजबुजली.

"गप गं."

मारुतीरावांनी पाय जरासा मागं ओढला.

"रोज?"

"रोज."

"गणपतीत बी?"

"गणपतीत बी."

जयाबाईंकडं त्यांनी बघितलं नाही. मग मॅडमना विचारलं, "पाय राहील काय?"

"आत्ताच सांगता येत नाही, आजोबा. मी डॉक्टरांशी बोलते. महिनाभर नीट ड्रेसिंग झालं तर आशा आहे."

"तुमी येणार रोज?"

"नाही हो. माझं आजच्यापुरतंच. उद्या चिक्कोडीला आहे."

मारुतीरावांनी मान हलवली. दोन्ही हातांनी गुडघा धरून त्यांनी पाय उचलला आणि जयाबाईंच्या पुढ्यातल्या स्टुलावर ठेवला.

"मग बसा जरा हितं," ते मॅडमना म्हणाले. "आमच्या आक्काला नीट शिकवून जावा."