हुकूम कोणाचा

"डावीकडे घे," कप्तान मागबानुआ म्हणाले.

ब्रिजवर, जहाज चालवायच्या खोलीत, लेफ्टनंट लुवाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. डावीकडे पाहुण्या आरमाराचं तेलवाहू जहाज होतं. दोन्ही जहाजं एकाच वेगाने शेजारी शेजारी चालली होती आणि मधून तेलाचा जाड पाइप ताणलेला होता. संयुक्त सरावातलं हे सगळ्यात नाजूक काम.

"डावीकडे, सर? आधीच जवळ आहोत आपण."

"सांगतो तेवढं कर. लांब लांब राहिलो तर घाबरलो म्हणतील."

तिने हुकूम सुकाणूवर सांगितला. सुकाणूवरच्या क्रिसान्तोने तो मोठ्याने परत उच्चारला आणि चाक फिरवलं.

इतक्या जवळ आलेल्या जहाजांना पाणीच एकमेकांकडे ओढतं. कप्तान "उजवीकडे! उजवीकडे!" ओरडले तोवर पत्र्याला पत्रा घासला होता. पाइप तुटला. त्याचा दोर सुटून खाली डेकवर फटकारला गेला आणि तो दोर सांभाळणाऱ्या रेमिहियोची दोन बोटं गेली. तेलाने काळ्या झालेल्या डेकवर तो बसून राहिला. आधी ओरडलासुद्धा नाही. हाताकडे नुसता बघत राहिला.

दुपारी दोन्ही जहाजं फिलिपीन्समधल्या पालावान बेटाच्या एका उपसागरात नांगरली. पाहुण्या जहाजाचा कप्तान चौकशीला आला. अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या खोलीत सगळे बसले. पाहुण्यासाठी तळलेली केळी ठेवली होती. त्यांना कुणी हात लावला नाही.

लुवाच्या डोळ्यांपुढे रेमिहियोचा हात होता. चौकशीची तिला धास्ती नव्हती. मागबानुआ तिचे निनोंग, म्हणजे धर्मपिता होते. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी तिला हातात धरलं होतं, आणि वडील गेल्यावर अकादमीच्या फाटकापर्यंत पोचवायला तेच आले होते. माणूस तापट होता, पण सरळ होता.

"डावीकडे वळायचा हुकूम कोणी दिला?" पाहुण्याने विचारलं.

"त्या वेळी ब्रिज लेफ्टनंटच्या ताब्यात होता," मागबानुआ म्हणाले. "मी ब्रिजबाहेरच्या सज्जात होतो. पाइपवर नजर ठेवून."

लुवाला वाटलं, गडबडीत विसरले असतील.

"सर, तुम्ही माझ्या शेजारी होता," ती म्हणाली. "डावीकडे घे, असं तुम्हीच म्हणालात. मी परत विचारलं, तर सांगतो तेवढं कर म्हणालात."

मागबानुआ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्याकडे मायेने पाहिलं.

"बाळा, माणूस घाबरला की त्याला असं काहीबाही ऐकू आल्यासारखं वाटतं. माझंही झालंय तरुणपणी."

पाहुणा क्रिसान्तोकडे वळला. "तू काय ऐकलंस?"

क्रिसान्तो सावधान उभा होता. त्याची बायको बाळंत होणार होती तेव्हा त्याची रजा लुवानेच मंजूर करून आणली होती. हे तिला त्या क्षणी आठवलं आणि आठवलं याचीच लाज वाटली.

"मॅडमचा आवाज, सर."

"त्याआधी?"

तो लुवाकडे बघेना. "त्याआधी वारा फार होता, सर. नीट ऐकू आलं नाही."

सकाळी वाऱ्याची झुळूकही नव्हती. ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा पडून होता. पाहुण्याने लुवाकडे बराच वेळ पाहिलं, मग टोपी उचलली आणि म्हणाला, "तुमच्या जहाजाची बाब आहे. तुम्हीच बघा."

तो गेल्यावर मागबानुआंनी दार लोटून घेतलं.

"तुला नोकरीवरून काढणार नाहीत. मी बोललोय वर. किनाऱ्यावर बदली होईल, गोदामात किंवा कचेरीत. दोन-तीन वर्षं गप राहा, लोक विसरतील."

"आणि तुम्ही, निनोंग?"

"माझी बढती या महिन्यात आहे, लुवा." त्यांचा आवाज खाली आला. "तुझ्यापुढे आख्खा जन्म पडलाय. माझ्यापुढे काय आहे? हे एवढंच."

सकाळचा तो हुकूम तिच्या कानात अजून स्पष्ट होता. त्यांचा बसका आवाजही. पण आता तो ऐकला असं म्हणणारी जगात एकटी तीच होती.

मागबानुआंनी खिशातून फोन काढला. उपसागरात गावाजवळ रेंज मिळत होती. त्यांनी नंबर लावला, दोन शब्द हसून बोलले आणि फोन तिच्यापुढे धरला.

"तुझी आई."

लुवाने फोन कानाला लावला.

"पोरी, निनोंगांनी मघाशीच सांगितलं मला सगळं," आई रडत होती. "अगं, होते चूक. माणूसच आहोत आपण. पण तुझ्या निनोंगांनी केवढं सांभाळून घेतलं बघ! दुसरा कुणी असता तर घरी पाठवलं असतं तुला. मी आत्ता चर्चमध्ये जाऊन त्यांच्या नावाने मेणबत्ती लावते."

"आई, ऐक ना..."

"तू आधी माझं ऐक. त्यांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतलास का? नाही ना? मला ठाऊक होतं. आहेत ना ते तिथेच? मग आत्ता लाव. मी फोनवर असतानाच लाव."

आईचा आवाज मोठा होता. खोलीभर ऐकू जात होता. मागबानुआ संकोचून हसले आणि त्यांनी उजवा हात उपडा करून तिच्यापुढे धरला.

"लावलास का गं?" आई विचारत होती.

हात तसाच समोर होता. लुवाने फोन दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.