दुसरा ब्रेक

मास्तर गाडीत बसले आणि पट्टा लावायच्या आधीच त्यांनी उजव्या पायाने खालची चटई चाचपली. सपाट. आज बघितलेली ही चौथी गाडी, आणि हिच्यातही डाव्या सीटसमोर पायाखाली काही म्हणजे काही नव्हतं.

"पाय कसे ऐसपैस पसरतात बघा काका," मागे मास्तरांच्या बायकोशेजारी बसलेला सेल्समन म्हणाला. "या साइजच्या सेडानमध्ये एवढी जागा कोणी देत नाही."

"हं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पाय आखडून घेतले.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. एकतीस वर्षं ते शिकणाऱ्याच्या शेजारी बसले, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक घेऊन. अर्धं गाव त्या ब्रेकच्या भरवशावर गाडी शिकलं. रविवारी तीच गाडी घरची व्हायची. तेव्हा मास्तर चालवायचे, पण बायकोने बसायचं ते मागेच. पुढच्या सीटसमोरचा ब्रेक दुसऱ्या कोणाच्या पायाखाली असलेला त्यांना खपायचा नाही.

मागच्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली, ती काही परत यायची नाही, आता स्टिअरिंग सोडा. स्कूल बंद झालं, ती जुनी गाडीही गेली. नवी गाडी लेक चालवणार होती. रोज हमरस्त्याने ऑफिसला जायचं, वाटेत दोन वर्षांच्या पोराला पाळणाघरात सोडायचं. नुसता बाबांचा होकार हवा होता, आणि तोच काही केल्या निघत नव्हता. पहिल्या गाडीची डिकी लहान निघाली, दुसरीची मागची काच अरुंद, तिसरीचा हॉर्न म्हणे शेळीसारखा.

बाबा चोखंदळ आहेत, असं सगळ्यांना वाटत होतं. चोखंदळ कसले! मास्तर घाबरले होते.

लेकीला गाडी त्यांनीच शिकवली होती. शाळेपुढच्या वळणावर, दूधवाल्याच्या सायकलपाशी, भाजीबाजाराच्या तोंडाशी तिच्या आधी त्यांचाच पाय खाली गेला होता. आणि प्रत्येक वेळी ते म्हणाले होते, "वा, छान थांबवलीस!" पोरीचा धीर सुटू नये म्हणून. पुढेही ती चालवायची ती तीच गाडी, बाबा शेजारी असतानाच. त्यांचा पाय पाठीशी नसता, तर ती कुठे थांबली असती आणि कुठे नाही, हे मास्तरांना माहीत नव्हतं. आता नातू मागच्या सीटवर असणार होता. या विचाराने त्यांना आठवडाभर धड झोप नव्हती.

गाडी गोदामांच्या रस्त्याला लागली. लेक नीट चालवत होती. मास्तरांना ते दिसत होतं, पण पटत नव्हतं.

"आरसा बघ."

"बघितला, बाबा."

"पुढच्या फाटकाकडे लक्ष दे. तिथून—"

तिथून खरोखरच एक ट्रक मागे मागे बाहेर आला. ना हॉर्न, ना दिवा. मास्तरांचे दोन्ही पाय धाडकन चटईवर आपटले. पट्टा छातीत रुतला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, ट्रकपासून हातभर अंतरावर.

"वा, छान थांबवलीस!" त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

मग त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या दोन्ही पायांखाली नुसती चटई होती.

"हो," लेक म्हणाली. "या वेळी मीच थांबवली."

मास्तरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे? तुला माहीत होतं?"

"बाबा, तुमचं आणि माझं पेडल एकाच तारेला बांधलेलं होतं. मी पाय ठेवायच्या आधीच ते खाली गेलेलं असायचं. कळणार नाही का मला?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही इतकं कौतुक करायचात. कसं बोलणार?"

"ब्रेक मात्र बघून ठेवा काका!" सेल्समन कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नसावं.

ट्रक निघून गेला. मास्तरांनी पट्टा सोडला. मग ते खाली उतरले आणि मागचं दार उघडून बायकोला म्हणाले, "तू बस पुढे. ही गाडी घेऊ आपण."

"मी? पुढे?"

"बस म्हटलं ना."

बायको पदर सावरत पुढे जाऊन बसली, नव्या नवरीसारखी ताठ. समोरच्या काचेतून सगळा रस्ता दिसतोय याचंच तिला अप्रूप. मास्तर मागे, सेल्समनच्या शेजारी. लेकीने आरसा बघितला, इंडिकेटर दिला, गाडी काढली. सगळं बरोबर. तरी मास्तरांचे हात मांडीवर घट्ट आवळलेले.

चौकात एक स्कूटरवाला आडवा आला. लेकीने वेग कमी केला, त्याला जाऊ दिलं. विशेष काहीच झालं नाही. पण मागे धप्पकन आवाज झाला, आणि पुढच्या सीटला हिसका बसला.

बायकोने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"अहो, तिथून नाही लागत," ती म्हणाली. "एकतीस वर्षं दाबून पाहिलाय मी."