घोट्याची राखण

"पाय खाली टेकवू नोका," रंभाबाई म्हणाली आणि खुशालचा पाय उचलून पुन्हा उशीवर ठेवला.

बैल जुंपलेल्या खाचराच्या चाकाखाली त्याचा घोटा चिरडला, त्याला तीन वर्षं झाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी आत धातूचा सांधा बसवला. १९८२ साली असलं नवल कोंढा गावात कोणी पाहिलं नव्हतं. खुशाल भुलीत होता, म्हणून डॉक्टरांनी सांभाळायची रीत बायकोलाच समजावली. तिनं ती घरी येऊन सांगितली. सांध्यावर भार पडला की तो आतून झिजतो, मग पाय कापावा लागतो.

"उलसाक उभा राहून पाहू काय?" खुशाल गयावया करी.

"पाय तोडाचा हाय का? डॉक्टरनं सांगतलं ना."

धानाच्या रोवण्याला चिखलात तीच उतरे, कापणीचे भारे तीच वाही. घरी आली की नवऱ्याला पाठुंगळी घेऊन परसात नेई. एकेकाळी ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं घर गप्प होई, तो तिच्या गळ्याला हात घालून बसे. कधीकधी त्याला रडू येई.

"लेकरू नाही ना बिचारीले," शेजारची कौशल्याबाई म्हणे. "दोनदा पोट राहिलं, दोनदा पडलं. मंग नवऱ्यालेच लेकरावानी जपते."

गावातले नवरे आपापल्या बायकांना तिचे दाखले देत. बायकांना तिचा राग येई.

मग घोटा ठणकू लागला. रंभाबाई टाळत होती, पण खुशालचा भाऊ गोमाजी हट्टाला पेटला आणि दोघांना नागपूरला घेऊन गेला.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"सांधा जराही झिजलेला नाही. पण हाड पोकळ झालंय, त्यानं सांध्याची पकड सोडलीय. भार पडला तरच हाड घट्ट राहतं. तुम्ही चाललाच नाहीत का?"

"भार देऊ नोका, असं तुमीच त सांगतलं," खुशाल म्हणाला.

"मी? दोन महिन्यांनी रोज चालवा, असं मी या बाईंना तीनदा बजावलं होतं. आता सांधा काढावा लागेल. हा पाय पुन्हा उभा राहणार नाही."

खुशालनं मान वळवली. "रंभे?"

रंभाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. ती डॉक्टरांशीच बोलली.

"दोन्ही लेकरं याच पायाच्या लाथेनं गेले, साहेब."