दुसऱ्या आवाजाची ओळ

चर्चचा गायकवृंद शिकवणाऱ्या जॅनेटने पियानोवरचे हात उचलले आणि हॉलमधले सगळे गायचे थांबले.

“आता फक्त आल्टो. तुमची खालची ओळ पुन्हा एकदा.”

आल्टोच्या, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या, बायका उभ्या राहिल्या. सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या चर्चमागच्या हॉलमध्ये, शनिवारच्या दुपारी, ती ओळ एकटीच चालू लागली. जरा मागे रेंगाळत, मग शेवटाला हळूच वर येत. शब्द मराठी होते. उच्चार कुणाचे फिलिपिनो, कुणाचे आयरिश, कुणाचे केरळचे.

भिंतीजवळच्या खुर्चीत हेन्री मास्तर डोळे मिटून बसले होते. वसईला शाळेत शिकवत असताना त्यांनी हे गीत गावच्या चर्चसाठी केलं होतं. ही खालची ओळ त्यांनी सर्वांत शेवटी बसवली, जोसेफिनसाठी. तिचा आवाज जाड. वरचे सूर लागायचे नाहीत आणि गायचं तर होतंच. पुढे त्यांचं लग्न झालं. ती गेल्यावर अ‍ॅरनने, त्यांच्या मुलाने, त्यांना सिडनीला आणलं.

अ‍ॅरन पुरुषांच्या, टेनरच्या रांगेतून वडिलांकडे बघत होता. गेला महिनाभर रोज संध्याकाळी पपा एकेक आवाज गाऊन दाखवत होते आणि तो लॅपटॉपवर एकेक सूर मांडत होता. उद्याच्या मिस्सेला, रविवारच्या प्रार्थनेला, हे गीत व्हायचं होतं, आणि जॅनेटला छापील नोटेशन हवं होतं. ऐकून शिकवायची तिची पद्धत नव्हती.

नोटेशनचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, हे त्याने पॅरामॅटाला ऑफिसात जाता-येता ट्रेनमध्ये कितीदा तरी शोधलं. एक फुकट होतं, पण छापताना मराठी शब्दांच्या वेलांट्या सुटून भलत्याच सुराखाली जात. सगळे वाखाणत होते ते फार महाग. मधलं एक होतं, नीट छापणारं, परवडणारं. ते तो घेणारच होता. तेवढ्यात ऑफिसमधला कुशल म्हणाला, “कशाला पैसे घालवतोस, मेट? महागड्याचीच क्रॅक केलेली कॉपी आहे माझ्याकडे. देतो.”

“माझ्यापायी फार खर्च नाही ना झाला?” पपांनी त्या संध्याकाळी विचारलं होतं.

“नाही पपा. स्वस्तातलं मिळालं,” अ‍ॅरन म्हणाला होता.

ओळ संपली. जॅनेटने शेवटचं पान समोर घेतलं.

“मी आयुष्यभर शाळेत म्युझिक शिकवलं,” ती म्हणाली. “आल्टोला अशी ओळ कोणी देत नाही. ज्याने ही लिहिली, त्याला आवाज कळतो.” तिने चष्मा सारखा केला आणि शेवटच्या पानाचा तळ वाचला. “अ‍ॅरन, डेरेक मार्लो कोण?”

अ‍ॅरनने आपल्या हातातलं पान उलटलं. अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, कॉपीराइट म्हणून ते नाव छापलेलं होतं. हे सॉफ्टवेअर ज्याने कधीतरी, कुठेतरी विकत घेतलं होतं, आणि ज्याच्याकडून ते चोरीला जाऊन फिरत फिरत कुशलपर्यंत आलं होतं, तो माणूस. प्रोग्रॅमने त्याचं नाव आपणहून खाली टाकलं होतं. अ‍ॅरनने ते आजवर पाहिलंच नव्हतं.

“वर तुझ्या वडिलांचं नाव आहे, शब्द आणि चाल,” जॅनेट म्हणाली. “मग हे चार आवाज याने बसवले का?”

सगळे मागे वळून बघत होते. त्यातले दोघे-तिघे त्याच्यासारखेच आयटीमधले. खरं सांगितलं असतं तर कॉपी चोरीची आहे, हे त्यांना लगेच कळलं असतं. अ‍ॅरनने पान पुन्हा सरळ केलं.

“हो,” तो म्हणाला. “फ्रेंड आहे. त्याने अ‍ॅरेंज केलं.”

“मग त्याचं नाव असं तळाशी कशाला? वर, तुझ्या वडिलांच्या नावाखाली हवं. सगळ्यांनी पेन्सिली घ्या. उद्याच्या लीफलेटमध्येही घालते मी.”

“नको, तसं नको. त्याला आवडत नाही.”

“मग तर नक्कीच घालायला हवं,” जॅनेट हसली. “आणि त्याला सांग, आमच्या आल्टो खूश आहेत म्हणून.”

“नो वरीज,” अ‍ॅरन म्हणाला.

हेन्री मास्तरांनी डोळे उघडले होते. ते मुलाकडे बघत होते. त्यांनी शाळेत इंग्रजीच शिकवलं होतं. बोललेलं सगळं त्यांना समजलं होतं. खुर्चीच्या हाताला धरून ते सावकाश उठले. चारही आवाज आपणच बसवलेत हे आता ते सांगणार, असं अ‍ॅरनला वाटलं. सांगावंच त्यांनी, असंही क्षणभर वाटलं.

मास्तर पियानोपाशी गेले. तिथल्या डब्यातून त्यांनी एक पेन्सिल घेतली आणि अ‍ॅरनशेजारी येऊन उभे राहिले.

“पपा,” अ‍ॅरन हळू आवाजात म्हणाला, “घरी गेल्यावर सांगतो.”

त्यांनी मान हलवली. समोरच्या बाकाच्या पाठीवर आपली प्रत ठेवली, स्वतःच्या नावाखाली जागा बघितली आणि वळणदार अक्षरात ‘डेरेक’ लिहिलं. मग पेन्सिल थांबली.

“आडनावाचं स्पेलिंग काय रे?” त्यांनी मराठीत विचारलं. “खालचं बारीक मला दिसत नाही.”

आल्टोच्या बायका पुन्हा ती ओळ गुणगुणू लागल्या होत्या.

“एम,” अ‍ॅरन म्हणाला.

मास्तरांनी एम लिहिला आणि पुढच्या अक्षरासाठी त्याच्याकडे वर पाहिलं.