शंकेला गुण नाहीत

भौतिकशास्त्राच्या पेपरात मैत्रेयी ढवळीकरची सगळी उत्तरं बरोबर होती, तरी तिला शंभरात एकतीसच मिळाले. फेरतपासणीच्या खिडकीवरच्या बाईंनी परीक्षेत तिच्या कपाळावर बांधलेल्या, मनातले विचार टिपणाऱ्या पट्टीचा आलेख दाखवला.

"लिहिताना तुला सारख्या शंका आल्यात. प्रत्येक शंकेला गुण कापले जातात."

"घर्षण शून्य धरा, असं प्रश्नात होतं. तसं खरंच कुठे असतं का, असं मनात आलं."

"मनात येऊच द्यायचं नाही! पाठ करून यायचं." बाई तुच्छतेनं हसल्या. "पुन्हा बस परीक्षेला. या वेळी विचार करू नकोस."

मैत्रेयीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "याच परीक्षेत तुम्हाला किती होते?"

"पैकीच्या पैकी!"

"वाटलंच मला," असं म्हणून ती फेरपरीक्षेचा अर्ज न घेताच निघाली.