मॅन्युअलकाकांचं तिसरं कार्ड

“या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्समध्येच आहे, की वेगळा घालावा लागतो?” मॅन्युअलकाकांनी फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

“काका, खोक्यावर लिहिलंय ना, लिनक्सवर चालतं म्हणून,” दुकानदार म्हणाला.

“खोक्यावर काय, काहीही लिहितात. माझ्या लग्नपत्रिकेवर ‘भेटवस्तू आणू नयेत’ असं लिहिलं होतं. अकरा भिंतीवरची घड्याळं आली.”

दुकानदाराने फोन ठेवला. काकांनी वहीतल्या यादीतलं आणखी एक कार्ड खोडलं.

निवृत्त होईपर्यंत काकांनी बँकेचे कॉम्प्युटर सांभाळले होते. इस्त्रीसुद्धा मॅन्युअल वाचल्याशिवाय तापवायचे नाहीत, म्हणून बिल्डिंगने हे नाव ठेवलेलं. घरचा कॉम्प्युटर त्यांनी स्वतः जुळवलेला, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा. त्यात आठ डिस्क, आणि त्यांवर मुलीच्या जन्मापासूनचे सगळे फोटो नि व्हिडिओ. आठही डिस्कच्या वायरी एका कार्डात जायच्या. ते कार्ड गेलं, की डिस्क ठणठणीत असूनही कॉम्प्युटरला दिसायच्या नाहीत.

तीन आठवड्यांपूर्वी ते गेलं होतं. तीन वर्षांत तिसऱ्यांदा. आणि रविवारी मुलगी नातीला घेऊन येणार होती. तिच्या आईने टाकलेलं पहिलं पाऊल दाखवीन, असं काकांनी नातीला कबूल केलं होतं.

“अहो, घ्या की कुठलंही,” शेजारी पडदा शिवत बसलेल्या काकू म्हणाल्या.

“कुठलंही? ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम. तोच धड नसला तर ते कार्ड डिस्कवर वाट्टेल ते गिरगटून ठेवेल. पोरीचं पहिलं पाऊल पुसून टाकील.”

“मग घाई नको,” काकूंनी दोरा तोडला. “सावकाश बघा. अगदी सावकाश.”

बायकोचा हा समजूतदारपणा काकांना फार आवडायचा. नाहीतर त्यांचं नशीबच खोटं. नुकतंच त्यांनी स्वयंपाकघर हातात घेतलं होतं. मिठाचा डबा सात नंबर, साखरेचा आठ, कोणता डबा किती वाजता उघडला त्याची वही. आणि नेमकं कार्ड गेलं. गेल्या वर्षी काकूंचं कपाट रंगवार लावायला काढलं, तेव्हाही तसंच. एक काम म्हणून तडीला जाईना.

एक्केचाळीस कार्डं तपासून झाली. एकाचा ड्रायव्हर चार वर्षं जुन्या लिनक्सवरच चालायचा. एकाचा ड्रायव्हर लिहिणारा माणूस नोकरी सोडून शेळ्या पाळायला गेला होता, आणि त्याचं काम पुढे कुणी उचललंच नव्हतं. शेवटी फिरून फिरून काका आले ते आधीच्याच कार्डावर.

“पुन्हा तेच?” काकूंनी विचारलं.

“जातं मेलं, पण ड्रायव्हर सोन्यासारखा आहे.”

कार्ड शनिवारी दुपारी आलं. ते बसवायचं काम काकूंचं. काकांचे हात थरथरायचे आणि धुळीने शिंकांची माळ लागायची. दर शनिवारी कॉम्प्युटर उघडून, कार्ड काढून-घालून धूळ पुसायच्या त्याही काकूच. त्यांनी काकांना खोलीबाहेर बसवलं, दार लोटलं. काका बाहेरून मॅन्युअल वाचू लागले.

“खाचेत सरळ धर. दोन्ही बाजूंनी सारखं दाब. खट्ट आवाज येईल.”

“आला.”

“जुनं कुठे ठेवलंस?”

“त्याचं मी बघते. चालू करा तुम्ही.”

काकांनी आत येऊन देवाचं नाव घेत बटण दाबलं. स्क्रीनवर एक, दोन करत आठही डिस्क हजर. मग लेक दिसली. एक पाऊल, दुसरं, आणि फतकल मारून खाली. काकांनी चष्मा पुसला.

“बघितलंस? ड्रायव्हर बघून कार्ड घेतलं की असं होतं.”

“तुमचंच डोकं,” पडदा मांडीवर घेऊन बसलेल्या काकू म्हणाल्या.

“पोरी गेल्या की स्वयंपाकघराचं उरलेलं घेतो. आता चमच्यांना नंबर.”

“घ्या ना. घाई कुठाय?”

काका मुलीला फोन करायला बाहेर धावले. काकूंनी मांडीवरचा पडदा बाजूला केला, त्याखालचं नवं कोरं कार्ड उचललं, आणि शिलाईच्या टेबलाच्या खालच्या खणात, आधीच्या दोन कोऱ्या कार्डांवर, सील न फोडता नीट रचून ठेवलं.