घुरघुर

गुरुपादप्पांनी डोळे मिटले आणि हात वर केला. रस्त्याच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या संगमेशनं गाडी सोडली.

लातूरबाहेर प्लॉटिंगसाठी पाडलेला तो सरळ डांबरी रस्ता होता. प्लॉट विकले गेले होते, घरं अजून उभी राहिली नव्हती. डिसेंबरच्या थंडीत सकाळपासून तिथं शर्यतीच्या मोटारसायकली जमल्या होत्या. चारशे मीटर, एका वेळी दोन गाड्या.

संगमेशची जुनी टू-स्ट्रोक गाडी समोरून घुरघुरत गेली, घशात पाणी अडकल्यासारखी. कडेला उभ्या पोरांनी एकमेकांकडं पाहिलं.

गुरुपादप्पांनी डोळे उघडले. "अजून येईना," ते म्हणाले. "अजून एक नंबर वाढवू."

त्यांची पद्धत सगळ्यांना माहीत होती. कार्ब्युरेटरच्या पोटात मुगाच्या दाण्याएवढा पितळी जेट असतो. त्याचं भोक मोठं, तर इंजिनला पेट्रोल जास्त. गुरुपादप्पा थोड्या थोड्या मोठ्या भोकाचे जेट घालत जायचे. इंजिन घुरघुरू लागलं की थांबायचे आणि एक नंबर मागे यायचे. तिथं गाडी सगळ्यात जोरात पळायची. हे ते फक्त कानानं करत. त्या कानासाठी लोक उदगीरहून, देगलूरहून गाड्या घेऊन येत.

आता नव्या गाड्यांना कार्ब्युरेटरच नसतो. उरल्या होत्या त्या हौशी लोकांच्या जुन्या गाड्या. आज नांदेडहून चौघं आले होते. संगमेश जिंकला तर आमच्याही गाड्या तुमच्याकडं, नाहीतर तिकडंच कुणी बघू, असं त्यांनी चहा पिताना तोंडावरच सांगितलं होतं.

संगमेश गाडी घेऊन परत आला. हेल्मेट वर करून म्हणाला, "वस्ताद, घुरघुर यायलीय की. मघापासूनच यायलीय."

गुरुपादप्पा खाली बसून कार्ब्युरेटर सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

संगमेशनं त्यांच्या खांद्याला हात लावला आणि तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

"कुठं यायलीय?" गुरुपादप्पा हसले. "कान फुटले का रे तुझे? लगीन झाल्यापासून ह्याला बायकोशिवाय दुसरं काय ऐकूच येईना बघा."

कुणी हसलं नाही. नांदेडच्या चौघांपैकी एकानं काही बोलायला तोंड उघडलं. संगमेशनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं ते मिटलं.

गुरुपादप्पांचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. त्यांनी भोवतालच्या चेहऱ्यांकडं पाहिलं.

"हाव वस्ताद," संगमेश घाईनं म्हणाला. "हेल्मेटमुळं असंल. घाला तुम्ही."

त्यांनी आणखी मोठा जेट घातला. बोटांना अजून सगळं येत होतं. स्क्रू न बघता बसत होते. तेवढ्यात संगमेशचं नाव पुकारलं गेलं.

"ऱ्हाऊ दे, असंच पळीव," गुरुपादप्पा म्हणाले. "थंडी लई हाय. पेट्रोल जरा जास्तच लागतंय."

संगमेशनं किक मारली. गाडी कशीबशी सुरू झाली. त्यानं एकदा वस्तादांकडं पाहिलं, मग हेल्मेटची काच खाली ओढली.

झेंडा पडला. शेजारची रेणापूरच्या हनुमंतची गाडी किंचाळत सुटली. संगमेशची घुरघुरत, अडखळत निघाली. अर्ध्या रस्त्यात हनुमंत इतका पुढं गेला होता की शेवटी त्यानं मागं वळूनही पाहिलं. पोरं ओरडत होती. गुरुपादप्पांना दिसत होतं, पण काय चुकलं ते कळत नव्हतं.

संगमेश सावकाश परत आला. गाडी स्टँडला लावून तो त्यांच्या कानाशी वाकला.

"तिसरा गिअर चुकला, वस्ताद. माझीच चूक. गाडी लई भारी होती."

गुरुपादप्पांनी मान हलवली. शर्यत झाली की इंजिनचा स्पार्क प्लग बघायची त्यांची सवय होती. त्यांनी पान्यानं प्लग सोडवला आणि चिंधीवर पाडला.

गिअर चुकलेल्या गाडीचा प्लग कोरडा निघतो, तपकिरी. हा काळा होता. काजळीवर पेट्रोल चमकत होतं. जेट दोन-तीन नंबर मोठा बसला की असा निघतो, हे त्या रस्त्यावरच्या कुठल्याही पोराला कळलं असतं.

त्यांनी प्लगकडं पाहिलं. मग संगमेशकडं. संगमेश मान खाली घालून हातमोजे काढत होता.

नांदेडचे चौघं जवळ आले. एकानं वाकून मोठ्यानं विचारलं, "काय झालं हो वस्ताद? प्लग काय म्हणतोय? दावा की."

गुरुपादप्पांनी चिंधीवरचा प्लग झटकन उचलून मुठीत घेतला. प्लग आत्ताच तापलेल्या इंजिनमधून निघाला होता.

"प्लगला काय धाड भरली?" ते म्हणाले. "ह्यानं गिअर चुकवला. दर टायमाला तिसऱ्याला घाई करतोय गाढव."

"हाव," संगमेश म्हणाला. "माझंच चुकलं."

चौघं थोडा वेळ उभे राहिले. मग हनुमंतच्या गाडीभोवती गर्दी झाली होती, तिकडं गेले.

संगमेशनं पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं आणि गुडघ्यावर बसला.

"सोडा वस्ताद," तो त्यांच्या कानाशी म्हणाला. "गेले ते."

गुरुपादप्पा त्याच्या ओठांकडं बघत होते. मूठ उघडली नाही.